प्रेसवरचा बिस्किटांचा डबा

आमच्या ऑफिसच्या सिंकमध्ये मग साठतात तसे किस्से साठतात. सकाळी सिंक रिकामं असतं आणि दुपारी बघावं तर मगांचा डोंगर! कोणी ठेवले, कधी ठेवले, कोणी कबूल करत नाही. शेवटी ज्याला चहा प्यायचा असेल त्यानं बाह्या वर करायच्या. आज मी केल्या आहेत.

ऑफिस म्हणजे टॅलामधल्या एका कार्पेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या. डब्लिनच्या या भागात ज्यांना काम मिळत नाही ते आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना मुलाखतीसाठी तयार करतो, धीर देतो, चहा पाजतो. याला इथे जॉब क्लब म्हणतात. जगातला हा एकच क्लब असेल, ज्याचं सभासद राहावं असं कोणालाच वाटत नाही!

खिडकीतून डब्लिनचे डोंगर दिसतात, म्हणजे ढग नसतील तेव्हा. ढग असले की डोंगर आहेत असं मानून चालायचं. मला ते छान जमतं. माझं लहानपणच तसं गेलं.

मी जन्मले इथेच. बाबा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी दुसरीत असताना आईबाबांनी ठरवलं, पुढच्या वर्षी आपण सगळेच परत जाणार आहोत, तर केतकीला थोडे दिवस आधी पाठवू या, शाळा बुडायला नको. मी सांगलीला आत्याकडे गेले. ते 'पुढचं वर्ष' काही उजाडलं नाही. दुसरीत गेलेली मी एम.ए. करूनच परतले! विषय अर्थशास्त्र, त्यातही रोजगार. प्रत्येक माणसाचं काम कुठेतरी त्याची वाट बघत बसलेलं असतं, दोघांची गाठ तेवढी घालून द्यायची, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

पहिल्याच दिवशी हे सगळं मी आमच्या मॅनेजरला, बर्नीला, उभ्या उभ्या ऐकवलं. कामाची प्रतिष्ठा, सरकारची जबाबदारी, एकही माणूस रिकामा नसलेला देश. निवृत्तीला टेकलेल्या बर्नीनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ग्रँड! आता किटली लाव."

चहाचे मग काढायला मी कपाट उघडलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसच्या डोक्यावर, छताला लागून, एक निळा पत्र्याचा डबा होता.

"त्याला हात लावायचा नाही," बर्नी म्हणाली. "त्यात चांगली बिस्किटं आहेत. कोणाला नोकरी लागली तरच उघडायचा."

मी स्टुलावर चढून बघितलं. झाकणावर धूळ होती.

*

एकदा सरकारी खात्यातून एक तरुण अधिकारी आले. रोजगाराचं राष्ट्रीय धोरण आमच्यापर्यंत पोचवायचं होतं. पडद्यावर देशाचा नकाशा आला आणि त्यावर निळे ठिपके. एक ठिपका म्हणजे रिकाम्या नोकऱ्यांचा एक पुंजका. टॅलावर ठिपके, लिमरिकवर ठिपके, पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत ठिपके. "आज आपल्याकडे कामं जास्त आहेत आणि माणसं कमी," अधिकारी म्हणाले. खोलीत अंधार केला होता. मला तर तो नकाशा दिवाळीतल्या पणत्यांसारखा दिसायला लागला. वाटलं, या प्रत्येक पणतीजवळ एक रिकामी खुर्ची आहे आणि तिच्यावर कोणीतरी येऊन बसणार आहे.

मागच्या रांगेतून नोएलनं हात वर केला. नोएल साठीला आलेला. आख्खं आयुष्य एका पॅकिंगच्या कारखान्यात गेलं. कारखाना एक दिवस उठून दुसऱ्या देशात गेला, नोएल इथेच राहिला.

"त्यातला माझा ठिपका कुठला?" नोएलनं विचारलं.

अधिकारी गोंधळले. "हे... हे चित्र राष्ट्रीय पातळीवरचं आहे."

"असं होय!" नोएल म्हणाला. "आणि मी इतके दिवस टॅलामध्येच शोधत बसलो!"

*

वैशालीताई आमच्याकडे आल्या तेव्हा बर्नीनं मला हळूच ढोसलं, "तुमच्याकडच्या दिसतात. तूच बघ."

वैशालीताई मिरजेच्या. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अपॉइंटमेंट, बेड, नातेवाइकांची भांडणं, सगळं त्या बघायच्या. नवरा इथे डॉक्टर, म्हणून त्या आणि त्यांची मुलगी इरा इथे आल्या आणि सिटीवेस्टच्या एका फ्लॅटमध्ये वैशालीताई घरी बसल्या. काम करायची परवानगी होती, काम नव्हतं.

"केतकी, एक सांगते," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "जूनपर्यंत काही झालं नाही, तर मी इराला घेऊन मिरजेला परत जाणार. माझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. हे इथे, आम्ही तिथे. थोडे दिवसच."

"थोडे दिवस म्हणजे किती, ते मला माहीत आहे, ताई," मी म्हणाले.

इरा शेजारी बसून चित्र काढत होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र टॅलाच्या इंग्रजीत. तिनं मान वर न करताच आईला विचारलं, "मॅम, जून म्हणजे माझ्या वाढदिवसाच्या आधी की नंतर?"

दुसरीतच होती.

त्या दिवशी लुअसमधून घरी जाताना ट्रॅमच्या काचेवर भुरभुर पाऊस चिकटत होता. मनाशी म्हटलं, राष्ट्रीय पातळी राहू दे. तो डबा मी जूनच्या आत उघडणार.

*

आमच्या क्लबात खोटी मुलाखत घेतात, सरावासाठी. मी टेबलाच्या एका बाजूला, उमेदवार दुसऱ्या.

आधी नोएल. "कारखान्यात तुमचं काम कसं होतं?"

"अं... अगदीच वाईट नव्हतं."

"नोएल, तुम्ही तिथे फोरमन होतात!"

"कोणीतरी व्हायलाच लागतं."

मग वैशालीताई. "तिथे तुम्ही काय काय केलंत?"

"मी असं नाही... सगळ्यांनी मिळून केलं. डॉक्टर चांगले होते. वरचे साहेब चांगले होते. मावश्या तर फारच चांगल्या होत्या."

"अहो ताई, मावश्यांना नोकरी द्यायची नाहीये आपल्याला!"

मी कळवळून दोघांना भाषण दिलं. आपण केलेल्या कामाचं श्रेय घेणं हा गर्व नाही, तो आपला हक्क आहे! दोघांनी माना डोलावल्या आणि पुन्हा तेच. आयरिश माणूस आणि मराठी बाई, स्वतःची स्तुती करायची म्हटली की दोघांनाही एकदम खोकला येतो!

शेवटी बर्नी दारातून ओरडली, "अदलाबदल कर गं!"

तशी केली. आता नोएलनं वैशालीताईंबद्दल सांगायचं. नोएल सरसावून बसला. "ही बाई? अहो, आपल्या हॉस्पिटलांमध्ये पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत पडतात ना, हिला एक आठवडा द्या. एक आठवडा! पेशंट घरी, डॉक्टर घरी, मंत्रीसुद्धा घरी!"

वैशालीताई नोएलबद्दल बोलल्या तेव्हा तर नोएलनं टोपी तोंडावर ओढली. तेवढ्यात खालचा कार्पेटवाला कसलंसं पार्सल घेऊन वर आला होता. तो दारातच उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, "हा नोएल कुठे भेटेल? मला माणूस हवाच आहे."

"तो काय, तुमच्या समोर!" मी आनंदानं ओरडले.

कार्पेटवाल्यानं नोएलकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यॅ! हा तर शाळेत माझ्या वर्गात होता."

*

नोएलला पुढे शालेय बसच्या ड्रायव्हरची मुलाखत आली. मी त्याला आठवडाभर घोटवून तयार केलं. परत आला तो खाली मान घालून.

"काय विचारलं?"

"या कामासाठी तुम्हीच का, असं विचारलं."

"मग?"

"बाहेर एक पोरगा बसला होता. त्याला दोन लहान मुलं आहेत, बिचारा घाबरला होता. मी म्हटलं, मी नाही, त्याला घ्या."

मी कपाळाला हात लावला. बर्नीनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. दोघांनाही घेतलं होतं. बसगाड्या तीन होत्या आणि उमेदवार दोन!

मी नोएलला विचारलं, "तिसरी बस?"

"तिसऱ्या बससाठी," नोएल म्हणाला, "मी त्यांना कार्पेटवाल्याचं नाव सुचवलंय."

त्या दिवशी डबा उघडला. आत सोनेरी कागदातली चॉकलेटची बिस्किटं होती आणि ती चक्क अजून कुरकुरीत होती. वैशालीताईंनी एक घेतलं, अर्धं मोडून इरासाठी रुमालात बांधलं. बर्नीनं झाकण लावलं आणि डबा परत वर गेला.

*

वैशालीताईंना मात्र सगळीकडून एकच उत्तर यायचं: तुमचा अनुभव उत्तम आहे, पण आयरिश एक्स्पिरियन्स नाही.

"हा एक्स्पिरियन्स मिळतो कुठे?" त्यांनी बर्नीला विचारलं.

"काम केलं की मिळतो."

"आणि काम?"

"एक्स्पिरियन्स असला की."

वैशालीताई म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडे गॅस कनेक्शनला रेशनकार्ड मागायचे आणि रेशनकार्डाला गॅसची पावती, तसं."

मी सुचवलं, लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणाऱ्या एखाद्या धर्मादाय दुकानात बिनपगारी काम करा, तेवढाच इथला अनुभव. ताई उत्साहानं गेल्या. दुकानातली बाई फार गोड बोलली. म्हणाली, "आनंदानं घेतलं असतं हो, पण आमच्याकडे आधीच दोन इंजिनियर, एक डेंटिस्ट आणि एक प्राध्यापक जुने कपडे लावायला आहेत. तुमचा नंबर लावून ठेवते."

"केतकी," ताई मला म्हणाल्या, "फुकट राबायलासुद्धा वेटिंग आहे गं तुझ्या देशात!"

'तुझ्या देशात' म्हणाल्या. मला एकाच वेळी बरंही वाटलं आणि वाईटही.

*

आता संकेतचा किस्सा. संकेत इथून तीनेक तासांवरच्या लिमरिकला शिकला. त्याला डब्लिनमध्ये नोकरी लागली, मोठी, झकास. खोली मात्र मिळेना. डब्लिनमध्ये एका खोलीमागे माणसांची अशी रांग लागते की घरमालक चेहरासुद्धा बघत नाही. म्हणून खोली लिमरिकला, नोकरी डब्लिनला आणि संकेत बसमध्ये! तो आमच्याकडे आला तो विचारायला, की लिमरिकमध्येच एखादी लहानशी नोकरी आहे का.

"लागलेली नोकरी सोडायला मदत मागणारा पहिलाच!" बर्नी म्हणाली.

सोबत त्याची आई होती, बीडहून भेटायला आलेली. सगळं ऐकून घेऊन माउलीनं मला विचारलं, "नोकरी हाय, पगार हाय, मग खोली कामून न्हाई?"

मी त्यांना धोरण समजावून सांगितलं. घरं बांधायला गवंडी हवेत, गवंडी बाहेरून आणायचे तर त्यांना राहायला घरं हवीत...

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "पोरीकडचे विचारतेत, पोरगा राहतो कुठं. म्या काय सांगू? खिडकीजवळच्या सीटवर?"

*

मार्चमध्ये बर्नी मला म्हणाली, "तुझ्या वैशालीला अंत्यविधीला पाठव."

मी दचकलेच.

मग तिनं मला एकदा स्वतःबरोबर नेलं. इथे अंत्यविधीला सगळे जातात. शेजारी, शेजाऱ्याचा सहकारी, सहकाऱ्याचा न्हावी. चर्चमध्ये घरच्यांचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचं. मग शेजारच्या हॉलमध्ये सूप, सँडविच आणि चहा. तिथे माणसं गेलेल्याच्या गमती सांगून हसतात, डोळे पुसतात आणि मधल्या मधे आपली कामं उरकतात. माझ्या डोळ्यांसमोर एका प्लंबरला हाताखाली माणूस मिळाला, एका बेकरीला मुलगी मिळाली आणि एका निवृत्त शिक्षकाला अर्धवेळ शाळा. एकही अर्ज नाही, मुलाखत नाही! रंगीत काचांतून प्रकाश जमिनीवर पडला होता, माणसं त्या रंगांतून इकडून तिकडे जात होती आणि मला वाटलं, या देशाचं खरं रोजगार केंद्र हेच. शेवटच्या दिवशीही माणूस जाता जाता चारजणांची गाठ घालून देतो.

हा विचार मी घरी आल्या आल्या आईला सांगायला लागले. आई दारातच किंचाळली, "आधी अंघोळ! कशाला शिवू नकोस!"

*

आणि आता वैशालीताईंचा.

नोएलच्या जुन्या साहेबांचा भाऊ वारला. नोएल म्हणाला, वैशालीनं यायलाच पाहिजे, त्यांच्या घरातली निम्मी माणसं दवाखान्यांमध्ये कामाला आहेत. नोएल बस चालवत असणार, म्हणून ताई एकट्या निघाल्या. काळा पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी. 'सॉरी फॉर युअर ट्रबल' हे वाक्य बर्नीनं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

ताई लुअसमधून एक स्टॉप आधी उतरल्या. समोर चर्च होतं, काळे कपडे होते, शवपेटी होती. आत जाऊन बसल्या. फादर बोलायला लागले तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, की गेलेला माणूस पुरुष नसून एक म्हातारी बाई आहे!

"उठून यायचं ना, ताई!" मी म्हणाले.

"कशी उठू गं? तिची मुलगी बोलत होती. आईच्या हाताला कायम साबणाचा वास यायचा, म्हणाली. माझ्या आईच्या पण यायचा."

मग रांग. ताईंनी घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन वाक्य म्हटलं. निसटायच्या बेतात होत्या, पण कोणीतरी दंडाला धरून हॉलमध्ये नेलं आणि हातात सँडविचची बशी दिली. आता ताई मिरजेच्या. मयताहून आल्यावर अंघोळीआधी पाणीसुद्धा घेणार नाहीत. त्या नको म्हणाल्या. पण इथे पहिलं नको म्हणजे होच असतं, ती रीत आहे. दुसऱ्यांदा नको म्हणाल्या, बशीत केक आला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, सूप आलं! शेवटी बशी तशीच टेबलावर ठेवून ताई स्वयंपाकघरात पळाल्या. सिंकमध्ये कपांचा डोंगर होता. त्यांनी नळ सोडला.

"म्हटलं, अंघोळ नाही तर नाही, हात तरी पाण्यात राहतील."

हॉल रिकामा होईपर्यंत त्या कप धूत राहिल्या. मध्येच कोणीतरी शेजारी येऊन फडक्यानं कप पुसायला लागलं. तीच मुलगी. कप संपले, नावं विचारायची राहूनच गेली. खिडकीबाहेर पाऊस थांबून ऊन आलं होतं.

मे महिन्यात सिटीवेस्टला निघालेल्या एका नव्या क्लिनिकमधून ताईंना बोलावणं आलं. अपॉइंटमेंटचं काम, घरापासून चालत जाण्यासारखं. आदल्या दिवशी मी शेवटचा सराव घेतला. "ताई, काहीही झालं तरी श्रेय घ्या. मावश्यांना देऊ नका!" मिरजेची तिकिटं काढून झाली होती. इरानं बाहुल्यांपैकी कोणती न्यायची आणि कोणती बाबाजवळ ठेवायची, ते ठरवून टाकलं होतं.

मुलाखतीहून ताई थेट ऑफिसला आल्या. बर्नी होती, जेवणाच्या सुटीत नोएलही टपकला होता. ताईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"आत गेले," ताई म्हणाल्या, "तर टेबलामागे ती!"

"कोण ती?"

"कप पुसणारी. ऊना नाव तिचं. तिथली मुख्य. शेजारी एक तरुण मुलगा, प्रश्न विचारायला. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही! अहो, घरात आम्ही अजून भांडतोय. धाकटा म्हणतो, तुम्ही आईच्या मदतनीस होतात. मावशी म्हणते, धाकट्याच्या शेजारीण. वहिनी म्हणते, मावशीच्या चर्चमधल्या. तुम्ही आमच्यातल्या नक्की कोणाकडच्या?"

"जीझस!" बर्नी पुटपुटली. "मग?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, कोणाकडचीच नाही. एक स्टॉप आधी उतरले."

नोएलनं टोपी काढून हातात घेतली.

"ऊनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतेय की रडतेय, ते पण कळेना. त्या मुलाला वाटलं, आपणच मुलाखत पुढे न्यायला पाहिजे. त्यानं घसा खाकरला आणि मला विचारलं, तुम्हाला काही आयरिश एक्स्पिरियन्स?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी ओरडलेच. "ताई, काय म्हणालात?"

वैशालीताईंनी पदर नसतानाही पदर सारखा केला.

"म्हटलं, कप धुतलेत. सगळे. पुसायला या बाई होत्या, पण धुतले मी. एकटीनं."

बर्नीनं स्टूल प्रेसजवळ ओढलं.